निफाडची थंडी आणि निळी जीभ: नाशिकमधल्या एका नवजात बाळाच्या हृदयशस्त्रक्रियेचं प्रकरण

पार्श्वभूमी

जानेवारीतली निफाडची थंडी दरवर्षी पेपरात येते. २०२५ च्या जानेवारीत, अशाच एका गार आठवड्यात, निफाड तालुक्यातल्या एका लहान प्रसूतिगृहात दुपारी चारच्या सुमाराला एक मुलगा जन्मला. दिवस पूर्ण भरलेले, वजन २.८ किलो. जन्मताच रडला, तासाभरात आईच्या अंगावर प्यायला लागला. आई २३ वर्षांची, पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली. सासर दिंडोरी तालुक्यात. तिथे तीन एकर द्राक्षबाग आणि माल काढणीला आलेला. गरोदरपणातल्या सगळ्या तपासण्या वेळेवर झाल्या होत्या. विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीच्या अहवालात हृदयाबद्दल एकच ओळ होती: चारही कप्पे दिसले, नॉर्मल.

मी नाशिकमध्ये नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात काम करते. हे बाळ वीस तासांचं असताना आमच्याकडे आलं. ओळख पटेल असे तपशील बदलून, कुटुंबाच्या संमतीने लिहिते आहे. जन्मजात हृदयदोषाचा विषय निघाला की बोलणं लगेच शस्त्रक्रियेवर जातं. तिच्या आधीच्या दीड-दोन दिवसांत काय घडतं ते मागे राहतं, आणि या बाळाच्या बाबतीत सगळं तिथेच ठरत होतं.

पहिले वीस तास

रात्री दहाच्या सुमारास आजीने, म्हणजे आईच्या आईने, परिचारिकेला हाक मारली. बाळाचे हातपाय निळसर दिसत होते. पहिल्या दिवशी, त्यातही थंडीत, नवजात बाळाचे हातपाय निळे दिसणं नेहमीचं आहे. परिचारिकेने तसं सांगितलं आणि बाळाला वॉर्मरखाली ठेवलं. आजीचं समाधान झालं नाही. ती काय म्हणाली ते मला दुसऱ्या दिवशी मामाने सांगितलं: "हातपाय थंडीनं निळे पडतील बाई, पण जीभ कशानं पडंल? ती तर तोंडात हाय."

आम्ही विद्यार्थ्यांना हाच फरक शिकवतो. हातापायांचा निळेपणा कातडीतला रक्तप्रवाह मंदावल्यामुळे येतो. जीभ आणि हिरड्या निळ्या असतील, तर रक्तातच ऑक्सिजन कमी आहे. सावळ्या कातडीवर ओठांचा रंग फसवू शकतो, म्हणून जीभ पाहायची. आजीने ती पाहिली होती. तिचं बोलणं मात्र कागदावर आलं नाही.

पायाला ऑक्सिमीटर लावला तेव्हा ७८ आकडा आला. पाय गार असला की यंत्र नीट पकडत नाही, हा आम्हा सगळ्यांचा अनुभव आहे. पाय चोळून, मोजा घालून पुन्हा लावला: ८०. डोक्यावर हूड ठेवून ऑक्सिजन सुरू केला: ८१. बाळ शांत होतं, छाती ओढत नव्हतं, दूध पीत होतं. यंत्र जुनं आहे, सकाळी बालरोगतज्ज्ञ आले की दाखवू, असं ठरलं.

पहिला निर्णय इथे झाला, आणि तो निर्णय आहे हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. त्या परिचारिकेला मी दोष देत नाही. रात्री एकटी, दोन बाळंतिणी आणि तिसरी प्रसूतीच्या कळांत. पण फुप्फुसाचा आजार असेल तर ऑक्सिजन दिल्यावर आकडा सहसा चढतो. हृदयाच्या रचनेमुळे अशुद्ध रक्त थेट शरीरात जात असेल, तर कितीही ऑक्सिजन द्या, आकडा तिथल्या तिथे राहतो. ७८, ८०, ८१. पाय गरम केल्यावरही, ऑक्सिजन लावल्यावरही. यंत्र बिघडलं म्हणून आकडे इतके एकमेकांना धरून येत नाहीत.

सकाळी दहाला बालरोगतज्ज्ञ आले. आकडा ७४ होता. त्यांनी वेळ न घालवता नाशिकला पाठवलं. चिठ्ठीवर "संसर्ग?" एवढंच होतं, रात्रीचे आकडे नव्हते. मामाची गाडी दारात होती म्हणून रुग्णवाहिका बोलावली नाही. बाळ गोधडीत गुंडाळून आजीच्या मांडीवर, चांदोरीमार्गे नाशिकला पोचलं तेव्हा त्याचं तापमान ३५.२ अंश सेल्सिअस होतं. आई प्रसूतिगृहातच राहिली.

निदान

आमच्याकडे आल्यावर पहिला अर्धा तास आम्हीही चुकीच्या दिशेने गेलो. गार पडलेलं, निळं बाळ; मनात संसर्ग आला, आणि जन्मानंतर फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांचा दाब उतरत नाही तो आजार आला. अंग गरम केलं, जंतू आहेत का पाहायला रक्त कल्चरला पाठवलं, प्रतिजैविकं सुरू केली. ते करायलाच हवं होतं. पण त्या अर्ध्या तासात ऑक्सिमीटर फक्त पायाला होता.

मग एका निवासी डॉक्टरने दुसरा ऑक्सिमीटर उजव्या हाताला लावला. हात ६६, पाय ७१. फुप्फुसातला दाब वाढलेला असेल तर फरक उलटा दिसतो: हाताचा आकडा जास्त, पायाचा कमी. पाय हातापेक्षा वर, असं दिसणाऱ्या आजारांची यादी फार छोटी आहे आणि तिच्यात सर्वांत वर आहे महारोहिणी (शरीराला रक्त नेणारी मुख्य रक्तवाहिनी) व फुप्फुसधमनी (फुप्फुसाला रक्त नेणारी) यांची अदलाबदल. शंभर टक्के ऑक्सिजन दहा मिनिटं देऊन पाहिला. रक्तातल्या ऑक्सिजनचा दाब २६ वरून २९ वर गेला. लॅक्टेट, म्हणजे शरीराला ऑक्सिजन कमी पडला की रक्तात वाढणारं आम्ल, ६.२. क्ष-किरणात फुप्फुसं स्वच्छ.

संध्याकाळी वडील पोचल्यावर मी त्यांना कागदावर चित्र काढून दाखवलं. हृदयाच्या डाव्या बाजूने शुद्ध रक्त शरीराला द्यायचं, उजव्या बाजूने अशुद्ध रक्त फुप्फुसाला. याच्या हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या नळ्यांची जागा बदलली आहे. शरीरातून आलेलं रक्त शरीरातच फिरतं आणि फुप्फुसातून आलेलं फुप्फुसातच. ते थोडा वेळ चित्राकडे पाहत राहिले. "म्हणजे दोन विहिरी, दोन मोटारी, आणि पाइपा उलट्या जोडल्यात. पाणी फिरतंय, पण बागेला जात नाही." याहून चांगलं मला सांगता आलं नसतं.

असं बाळ जगतं ते दोन्ही रक्तं जिथे थोडी मिसळतात त्या वाटांवर. पोटात असताना उघडी असलेली एक नळी दोन मोठ्या रक्तवाहिन्यांना जोडते. ती जन्मानंतर काही तासांत ते काही दिवसांत मिटू लागते. दुसरी वाट वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यातलं छिद्र. दोन्ही आकसल्या की बाळ हाताशी राहत नाही. उपचार न मिळालेली यातली बहुतेक बाळं पहिलं वर्ष पार करत नाहीत.

दुसरा निर्णय: इकोआधी औषध

बालहृदयरोगतज्ज्ञ दुसऱ्या रुग्णालयात एका रुग्णाच्या प्रक्रियेत अडकले होते. इकोला, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीला, दोन तास लागणार होते. ती नळी उघडी ठेवणारं प्रोस्टाग्लँडिन फ्रिजमध्ये होतं. निदान हातात नसताना ते सुरू करायचं का? फुप्फुसाकडून येणाऱ्या शिरा अडलेल्या असतील तर या औषधाने बाळ आणखी बिघडू शकतं. पण तशा आजारात क्ष-किरणात फुप्फुसं पाणी भरल्यासारखी पांढुरकी दिसतात, इथे ती स्वच्छ होती. आम्ही किलोमागे मिनिटाला ०.०५ मायक्रोग्रॅमने सुरू केलं. औषधाने श्वास थांबू शकतो, म्हणून व्हेंटिलेटर खाटेशेजारी तयार ठेवला. तज्ज्ञांनी फोनवर एक गोष्ट बजावली: नाळेच्या शिरेत नळी घाला आणि मी येईपर्यंत ती सांभाळा.

दोन तासांनी इको झाला. अदलाबदल पक्की. खालच्या कप्प्यांमधल्या पडद्याला भोक नाही. औषधाने नळी छान उघडली होती, पण वरच्या पडद्यातलं छिद्र जेमतेम २ मिलिमीटर. आकडा ६६ वरून ७३ वर येऊन थांबला आणि लॅक्टेट सातकडे निघालं.

पर्याय

कायमचा उपाय एकच होता, स्विच शस्त्रक्रिया: दोन्ही रक्तवाहिन्या कापून अदलाबदल करून जोडायच्या आणि हृदयाला रक्त पुरवणाऱ्या कॉरोनरी धमन्याही नव्या जागी बसवायच्या. ब्राझीलमधल्या साओ पावलोचे शल्यविशारद आदिब जातेने यांनी १९७५ मध्ये ही शस्त्रक्रिया यशस्वी करून दाखवली. ती फार लांबवता येत नाही. अशा हृदयात डावा कप्पा फुप्फुसाला रक्त ढकलतो. जन्मानंतर फुप्फुसातला दाब उतरत जातो आणि ताकद लावायची गरज न उरल्याने त्या कप्प्याचा स्नायू पातळ होतो. दोन-तीन आठवडे उलटले की शरीराचा भार तो एकदम पेलू शकेल याची खात्री राहत नाही.

प्रश्न होता त्या रात्रीचा. एक, तसंच मुंबईला निघायचं: साधारण १७० किलोमीटर, कसारा घाट उतरून, आकडा ७३ आणि लॅक्टेट चढतं. दोन, नाशिकमध्येच फुग्याने वरच्या पडद्यातलं छिद्र मोठं करायचं आणि बाळ सावरल्यावर निघायचं. फिलाडेल्फियाच्या विल्यम रॅशकिंड यांनी १९६६ मध्ये ही पद्धत आणली. आता ती इकोवर पाहत, खाटेवरच, नाळेच्या शिरेतून करता येते. तिसरा पर्याय घरातून आला. सासरचे एक वडीलधारे म्हणाले, एवढं लेकरू कापायचं, त्यापेक्षा घरी नेऊ, देवाच्या मनात असेल ते होईल. त्यांच्या आवाजात क्रूरपणा नव्हता, भीती होती. त्यांच्या लहानपणी निळं बाळ म्हणजे गेलेलं बाळ. हा आज उपचार असलेला आजार आहे, वेळेत स्विच झालेली बहुतेक मुलं शाळेत जातात, हे मी त्यांना सांगितलं. धोका शून्य नाही, हेही सांगितलं.

आम्ही दुसरा पर्याय निवडला, कारण बाळाला त्या क्षणी अंतर झेपणार नव्हतं. रात्री साडेनऊला तज्ज्ञांनी नाळेतून फुगा डाव्या वरच्या कप्प्यात नेला, फुगवला आणि झटक्याने उजवीकडे ओढला. एका सेकंदाचं काम. पण तेवढ्यात खोलीत कुणी श्वास घेतला असेल असं वाटत नाही. छिद्र ६ मिलिमीटर झालं. दहा मिनिटांत आकडा ८४. पहाटे लॅक्टेट २.४.

पैसा, कागद आणि बागेचा सौदा

वडिलांनी त्या संध्याकाळीच बाग देऊन टाकायचं ठरवलं होतं. एक व्यापारी उभा माल रोख घेणार होता, चालू भावापेक्षा बराच कमी देऊन. आमच्या समाजसेविकेने त्यांना सकाळपर्यंत थांबायला सांगितलं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं संरक्षण कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत आहे, आणि मुंबईतल्या केंद्रात ही शस्त्रक्रिया तिच्यात बसत होती. अडचण कागदांची होती. सुनेचं नाव अजून माहेरच्या शिधापत्रिकेवर, बाळाचं नाव कुठेच नाही. मामाने सकाळी कार्यालय उघडताच जन्मदाखला काढला, वडिलांची शिधापत्रिका दिंडोरीहून आली, आणि योजनेच्या मुंबईतल्या आरोग्यमित्राने फोनवर तातडीची नोंद करून घेतली. बाग विकावी लागली नाही.

कुठे न्यायचं, यावरही मिनिटं गेली. एका केंद्रात त्याच रात्री खाट होती, पण तिथे नवजात बाळांच्या स्विच शस्त्रक्रिया क्वचित होत. दुसऱ्याकडे दुसऱ्या दिवशी दुपारी जागा होणार होती आणि ते हे काम नेमाने करत होते. फुग्याने मिळालेल्या उसंतीमुळे आम्हाला दुसरं केंद्र निवडता आलं.

प्रवास

पहाटे बाळाचा श्वास दोनदा थांबला. तळव्याला टिचकी मारल्यावर सुरू झाला. औषधाची मात्रा ०.०२ वर आणली होती, तरीही. श्वासनलिकेत नळी घालून व्हेंटिलेटरवर न्यायचं की तसंच? नळी प्रवासात निसटू शकते. पण घाटात, वाहनांच्या रांगेत, चालत्या गाडीत नळी घालायची वेळ येणं त्याहून वाईट. उजेडात, शांतपणे, इथेच घालायची असं ठरलं. आजही मी तसंच करेन.

सकाळी अकराला निघालो. इगतपुरी ते आमणे हा समृद्धी महामार्गाचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला. आमच्या वेळी कसारा घाटाला पर्याय नव्हता. घोटीच्या अलीकडे प्रोस्टाग्लँडिनचा पंप बॅटरी संपून बंद पडला. रक्तात हे औषध काही मिनिटंच टिकतं. दुसरा पंप भरून, जोडून तयार होता, म्हणून बदल एका मिनिटात झाला. बरोबरच्या तरुण डॉक्टरला मी निघताना एकच गोष्ट दोनदा सांगितली होती: ९५ च्या मागे लागू नकोस, या बाळाला ७५ ते ८५ पुरे. साडेचार तासांनी बाळ परळमधल्या खाटेवर होतं.

शस्त्रक्रिया आणि नंतर

कल्चर स्वच्छ आलं, मूत्रपिंडं सावरली, डोक्याची सोनोग्राफी ठीक निघाली. मधे पाचवी आली. सटवाई त्या रात्री बाळाच्या कपाळी लिहून जाते असं मानतात. आजीने अतिदक्षता विभागाच्या बाहेर, बाकावर, कोरा कागद आणि पेन ठेवून रात्र जागून काढली. तिथल्या परिचारिकांनी कुणी तिला उठवलं नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

आठव्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. हृदय-फुप्फुस यंत्रावर घेऊन महारोहिणी आणि फुप्फुसधमनी कापली, दोन्ही कॉरोनरी धमन्या भोवतालच्या भिंतीच्या छोट्या चकतीसह उचलून नव्या महारोहिणीत शिवल्या. या टप्प्यावर सर्वांत जास्त अवलंबून असतं, कारण त्या धमन्या एक-दोन मिलिमीटरच्या असतात आणि थोडा जरी पीळ पडला तरी हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा तुटतो. हृदयाला सूज असल्याने छाती दोन दिवस उघडी ठेवली, मग बंद केली. व्हेंटिलेटर एकूण नऊ दिवस. आईने दर तीन तासांनी काढून दिलेलं दूध नळीने, मग चमच्याने, मग अंगावर. सत्ताविसाव्या दिवशी घरी. बारसं सव्वा महिन्याने दिंडोरीला झालं.

वर्षानंतर बाळ चालतं, वजन ९ किलोच्या पुढे आहे. फुप्फुसधमनीच्या एका फांदीत सौम्य अरुंदपणा आहे. त्यावर सध्या फक्त लक्ष ठेवायचं. इको आणि कॉरोनरींची विचारपूस आयुष्यभर चालेल. पहिल्या दीड दिवसात मेंदूला किती ऑक्सिजन कमी पडला याचा हिशोब आज मांडता येत नाही, म्हणून वाढ आणि बोलणं यांची तपासणी ठरलेल्या वेळी होते आहे.

वेगळं काय करता आलं असतं

सोनोग्राफीपासून सुरुवात करते. या दोषात चारही कप्पे खरोखर नॉर्मल दिसतात. तो अहवाल खोटा नव्हता, अपुरा होता. हृदयातून बाहेर पडणाऱ्या दोन्ही रक्तवाहिन्या एकमेकींना ओलांडतात की समांतर जातात हे पाहिलं तरच हा दोष कळतो. कळला असता, तर बाळंतपण शस्त्रक्रिया होणाऱ्या शहरातच ठरवता आलं असतं. गरोदर बाईने किंवा तिच्या घरच्यांनी "बाहेर पडणाऱ्या रक्तवाहिन्या पाहिल्या का?" एवढं विचारायला काही हरकत नाही. या आईला पुढच्या गरोदरपणात १८ ते २२ आठवड्यांदरम्यान गर्भाचा खास इको करायला सांगितलं आहे.

दुसरं, ऑक्सिमीटरची तपासणी. उजवा हात आणि एक पाय, जन्मानंतर २४ तासांनी किंवा घरी जाण्याआधी. कुठेही ९० पेक्षा कमी असेल तर थेट तपासणीला पाठवायचं. दोन्ही जागी ९५ किंवा जास्त आणि दोन्हींत फरक तीनपर्यंत, तर ठीक. मधलं काही असेल तर तासाभराने पुन्हा. अमेरिकेत ही तपासणी २०११ पासून नवजात बाळांच्या शिफारस केलेल्या तपासण्यांमध्ये आहे. हजार जन्मांमागे आठ-नऊ बाळांना हृदयाचा काहीतरी दोष असतो. त्यातले तातडीचे थोडे. पण ते अनेकदा असेच शांत, दूध पिणारे असतात. आणि बाळ निळं दिसत असेल तर २४ तासांची वाट पाहायची नाही, त्याच क्षणी लावायचं. इथे आकडा सहाव्या तासालाच हातात होता. त्याच रात्री फोन आला असता, तर बाळ गार पडायच्या आणि लॅक्टेट चढायच्या आत आम्ही औषध सुरू केलं असतं.

तिसरं, गाडी. आजारी नवजात बाळाला शासकीय रुग्णवाहिका मोफत आहे, हे कुटुंबाला माहीत नव्हतं आणि कुणी सांगितलंही नाही. रुग्णवाहिका नसेलच तर निदान आईच्या किंवा आजीच्या उघड्या छातीशी, टोपी घालून आणलं असतं तरी ३५ अंशांवर आलं नसतं.

चौथी चूक माझी. वडिलांना चित्र काढून सांगितलं, आजीला सांगितलं, दिंडोरीच्या मंडळींना सांगितलं. आईला कुणी सांगितलं नाही. ओली बाळंतीण आहे, तिला धक्का नको, असं सगळे म्हणाले आणि मी मान हलवली. तिला रात्री उशिरा एका नातेवाईक बाईच्या फोनवरून कळलं की बाळाच्या छातीत फुगा घातला. तिने रात्रभर दूध काढलं नाही, कारण ते कुणासाठी काढायचं हेच तिला ठाऊक नव्हतं. मुंबईत भेटल्यावर तिने मला एवढंच विचारलं: "मॅडम, सगळ्यांना विचारलंत, मला का नाही?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता बाळ दाखल झालं की पहिल्या तासात आईला आमचा फोन जातो, आणि तिचा नंबर फाइलच्या पहिल्या पानावर असतो.

त्या प्रसूतिगृहाच्या डॉक्टरांनी मला नंतर बोलावलं. सगळ्या परिचारिकांना घेऊन आम्ही दुपारभर बसलो, रात्रीची परिचारिकाही होती. त्यांच्या नोंदवहीत आता तीन रकाने वाढले आहेत: उजवा हात, पाय, आणि घरच्यांनी काय पाहिलं.